कानसेनांचा निकाल

आमचे थोरले दीर झाडांशी बोलत नाहीत. झाडंच त्यांच्याशी बोलतात. असं ते स्वतः सांगतात, तेव्हा खोटं असण्याचा प्रश्नच नाही.

धंदा आमचा झाडं उतरवण्याचा. कौलांवर आलेली फांदी, तारांत शिरलेला शेंडा, भिंतीला रेललेला बुंधा, असं काही डोक्यावर आलं की लोक आम्हाला फोन करतात. फोन मी घेते. परवानगीचे कागद मी भरते. झाडावर माझा नवरा चढतो, उतरलेलं लाकूड जाऊबाई फोडतात आणि नाव दिरांचं होतं. गावात त्यांना सगळे कानसेन म्हणतात. हे नाव कुणीतरी कौतुकाने दिलं की चेष्टेने, ते आता कुणाला आठवत नाही. दिरांनी ते कौतुक म्हणून घेतलंय आणि आमच्या पाटीवर रंगवूनसुद्धा घेतलंय.

त्यांचं काम बघण्यासारखं असतं, म्हणजे त्यांनी ते बघण्यासारखं केलेलं आहे. आधी झाडाभोवती एक चक्कर. मग चष्मा काढून खिशात, कारण चष्म्याचा आणि ऐकण्याचा काहीतरी संबंध आहे म्हणे. मग सासऱ्यांच्या वेळची कुऱ्हाड उलटी धरून तिच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, बुंध्यावर तीन ठोके. पहिला गुडघ्याशी, दुसरा कमरेशी, तिसरा छातीशी. प्रत्येक ठोक्यानंतर सालीला कान लावून डोळे मिटायचे. तोवर आजूबाजूला कुणी खोकलं तरी एक हात वर करून गप्प करायचं. आणि शेवटी निकाल, एकाच शब्दात: "भरीव!" किंवा "पोकळ!" लगेच खिशातून खडू काढून बुंध्यावर तळाशी 'भ' नाहीतर 'पो'. ही खूण करायची रीत सासऱ्यांची. त्यांचा निकाल आयुष्यात एकदाही चुकला नव्हता, असं गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात.

आता या एका शब्दावर काय अवलंबून असतं ते सांगते, म्हणजे मी एवढी का चिडते ते कळेल. झाड पोकळ निघालं तर त्यावर कुणी चढत नाही. उंच उचलणाऱ्या पाळण्याची गाडी मागवायची, पाळण्यात उभं राहून बाहेरून एकेक तुकडा उतरवायचा. झाड भरीव असेल तर गाडी नको. कमरेला पट्टा बांधून, दोर टाकून माणूस वर जातो, शेंड्यापासून कापत कापत खाली येतो. तो माणूस म्हणजे माझा नवरा. थोडक्यात, दीर ज्या शब्दाला खडू लावतात त्या शब्दाला माझा नवरा लोंबकळतो.

तरी लग्न झालं तेव्हा मी खूश होते. माहेरी सगळे एकमेकांवर खेकसणारे आणि इथे हा असा शांत माणूस. जेवायला बसलं की मी त्याच्या डावीकडे बसायची आणि मनातलं सगळं ओकून टाकायची: दिरांचं, कामाचं, पाहुण्यांचं, त्याच्या स्वतःच्या विसरभोळेपणाचं. तो नुसता हसायचा. कधी उलटून एक शब्द नाही. मी मैत्रिणींना सांगायची, "नवरा असावा तर असा." त्यांचे नवरे उलट बोलणारे, त्यामुळे त्या बिचाऱ्या जळायच्या.

माझ्या लग्नाआधी दोन चेनसॉ विकत घेतले तेव्हा दुकानदाराने त्यांच्याबरोबर कानावर घालायच्या नारिंगी झाकणांच्या दोन जोड्या दिल्या होत्या. मशीन चालू असताना घालायची, नाहीतर कान जातात, असं त्याने दोनदा बजावून सांगितलं. दीर त्याच्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले.

"अहो, आम्ही कानावर पोट भरणारी माणसं," ते म्हणाले. "कान झाकून बसलो तर झाडाचं ऐकणार कोण? तुम्ही?"

गेली झाकणं खिळ्यावर. म्हणजे ज्या कानावर धंदा, तो कान जपायचा नाही, कारण त्या कानावर धंदा आहे! हे असलं डोकं चालवायला माणूस जन्मजात हुशारच लागतो. आणि माझा नवरा? "दादा घालत नाही तर मी कसा घालू? बरं दिसेल का ते?" असं म्हणून वर्षानुवर्षं कानाशी मशीन धरून झाडावर उभा.

खिळ्यावरची एक जोडी मात्र जाऊबाईंनी काढून घेतली. त्याचं असं झालं. पूर्वी ओंडके दीर स्वतः फोडायचे, लोखंडी पाचर आणि घण घेऊन. एके दिवशी खांदा असा धरला की हात डोक्याच्या वर जाईना. मग नाइलाजाने लाकूड फोडायचं मशीन आलं. दोन चाकांवरचा लांब लोखंडी खांब, एका टोकाला पाचरीसारखं पातं, दुसऱ्या टोकाला इंजिन. ओंडका आडवा ठेवायचा, दांडा ओढायचा, की मागून दट्ट्या येतो आणि ओंडक्याला हळूहळू पात्यावर रेटतो. आधी काही होत नाही, मग करकर वाजतं, आणि माणसाच्या मांडीहून जाड लाकूड दोन फाकांत उघडतं. दीर म्हणाले, "हे फोडणं नव्हे, हा खून आहे. मी हात लावणार नाही." जाऊबाईंनी पदर खोचला, झाकणं कानावर चढवली आणि दांडा ओढला. त्यालाही आता सहा वर्षं होतील. एवढ्या आवाजात दिवस काढणाऱ्या त्या एकट्या बाईचे कान घरात धड राहिले, कारण तिला कानसेन व्हायचं नव्हतं.

दिरांचं काय झालं ते घरात सगळ्यांना दिसत होतं, पण बोलायची चोरी. त्यांच्या मते जगाचा आवाज कमी झाला होता. फोनवर गिऱ्हाईक बोलायला लागलं की "नेटवर्क नाही" म्हणून फोन माझ्या हातात. हल्लीची माणसं पुटपुटतात, हल्लीच्या कुकरला शिट्टी धड येत नाही. गेल्या वर्षी टीव्ही डोक्यावर उचलून दुरुस्तीला नेला, आवाज बसलाय म्हणून. दुरुस्तीवाल्याने लावून दाखवला तेव्हा शेजारच्या दुकानातली माणसं धावत आली. दीर त्याला म्हणाले, "जमत नसेल तर तसं सांग बाबा." आणि टीव्ही परत घेऊन आले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. नेतच होते. पण एका दुपारी मी शेडमध्ये जाऊबाईंना चहा द्यायला गेले, तेव्हा त्यांनी मशीन बंद केलं आणि म्हणाल्या, "जरा मागे ये. तुला काहीतरी दाखवायचंय."

शेडच्या मागे, पत्र्याआड, फाकांची एक वेगळी रास लावलेली होती. खडूची खूण असलेला तळचा ओंडका नेहमी वेडावाकडा असतो, सुतार तो घेत नाही, म्हणून तो फोडायलाच येतो. आणि फोडला की आत काय आहे ते उघड्यावर येतं. लाकूड काही कुणाच्या नावाला भीत नाही. जाऊबाईंनी दोन वर्षं चुकलेल्या निकालांच्या फाका बाजूला ठेवल्या होत्या. वरवर होत्या त्या 'पो'च्या. एकूण एक घट्ट, गाभ्यापर्यंत लालबुंद. म्हणजे नुसत्या फांद्या छाटून भागलं असतं, ती झाडं अजून पन्नास वर्षं उभी राहिली असती, आणि आम्ही पाळण्याच्या गाड्या मागवून ती पाडली. मला वाईट वाटलं, पण तेवढंच. मग जाऊबाईंनी खालची एक फाक ओढून काढली. तिच्यावर दिरांच्या हातचा ठळक 'भ' होता, आणि आत काही नव्हतं. सालीच्या आत चार बोटं लाकूड आणि मधे तपकिरी भुगा, वाळवीने खाऊन टाकलेला.

"हे कुठलं?" मी विचारलं.

"शाळेमागचं. मागच्या महिन्यातलं."

शाळेमागच्या झाडावर माझा नवरा अख्खा दिवस होता. त्या दिवशी मी त्याला डबा दिला होता आणि लोणचं द्यायला विसरले म्हणून हळहळले होते. हातातला कप कलला. चहा सांडला.

"तुम्ही भाऊजींना सांगितलं का नाही?"

"सांगितलं की," जाऊबाई म्हणाल्या. "तीनदा सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही."

मी त्याच दिवशी जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. रास, फाक, भुगा, सगळं. रडले, भांडले. तो हसला आणि म्हणाला, "भाजी चांगली झालीय." मला वाटलं, विषय टाळतोय. दुसऱ्या दिवशी समोर उभी राहून पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "अगं, दादाचा कान आहे तो. एखादं चुकतं. बाबांनी त्याला शिकवलंय." यापुढे बोलायला जागाच नव्हती. आमच्या घरात बाबांनी शिकवलंय म्हटलं की विहिरीत उडी मारायची, आत पाणी आहे का ते नंतर बघायचं.

त्यानंतर आठवड्यातच दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम आलं. त्यांच्या दवाखान्याच्या आवारात एक जुनं, अवाढव्य झाड होतं. ते कलून कलून इतकं खाली आलं होतं, की बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटना दाताची भीती वाटेनाशी झाली होती. कामाच्या दिवशी दोघे भाऊ पुढे गेले, आणि परवानगीचा कागद शिक्का मारून घ्यायला मला कचेरीत जावं लागलं. निघताना मी जाऊबाईंना एवढंच म्हटलं, "आज माझ्याबरोबर या." त्यांनी का म्हणून विचारलं नाही. मशीनवर ताडपत्री टाकली आणि चपला घातल्या. कचेरीत आम्हाला तासभर लागला, आणि सगळं चुकलं ते तिथे. आम्ही पोचलो तेव्हा निकाल लागून गेला होता.

बुंध्यावर 'भ' होता. कुऱ्हाड झाडाला टेकवून ठेवली होती. दीर आत पंख्याखाली बसून डॉक्टरीणबाईंना समजावत होते आणि खिडकीतून त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता.

"मीसुद्धा दात ठोकूनच बघते," बाई म्हणत होत्या. "पण नंतर एक्स-रे काढते."

"आम्हाला नाही लागत!" दीर गरजले.

आणि माझा नवरा वर होता. तीन पुरुष उंचीवर, मोठ्या फांदीच्या बेचक्यात पाय रोवून, आमच्याकडे पाठ करून दोर बांधत होता. मशीन अजून सुरूही केलं नव्हतं.

जाऊबाईंनी इकडेतिकडे न बघता कुऱ्हाड उचलली. त्या कुऱ्हाडीला दुसऱ्याचा हात लागलेला दिरांना खपत नाही. त्यांनी ती उलटी धरली आणि ठोकली. गुडघ्याशी टणक आवाज आला. कमरेशीही तसाच. छातीशी ठोकलं आणि आतून ढब असा आवाज आला. रिकाम्या पिंपावर थाप मारावी तसा. तो ऐकायला कानसेन कशाला हवा? बाकावर गालाला रुमाल लावून बसलेला एक पेशंटसुद्धा "बाप रे" म्हणाला.

मी वर बघून ओरडले, "अहो!"

आवारातले चार नवरे वळले. माझा सोडून.

"अहो! खाली या! अहो!"

रस्त्यापलीकडच्या इस्त्रीवाल्याने मान वर केली. दवाखान्याची खिडकी उघडली. माझा नवरा दोराला गाठ मारत राहिला. मी पाच वेळा ओरडले, सहा वेळा ओरडले, माझा घसा चिरला. वारा नव्हता. मशीन बंद होतं. आधी मला वाटलं, दादाच्या कामात बायको नाक खुपसते म्हणून मुद्दाम लक्ष देत नाहीये. मला इतका राग आला की त्याला खाली आणून तिथेच चार माणसांत झापावं. मग तो जरा कलला, आणि मला त्याचा चेहरा बाजूने दिसला. तो गुणगुणत होता. निवांत, स्वतःशीच, काही म्हणजे काही ऐकू न येता. त्याचा डावा कान माझ्याकडे होता.

राग कुठल्या कुठे गेला. 

खाली लोंबणारं दोराचं टोक मी दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. त्याने खाली बघितलं, मला बघून हसला. मी हाताने खूण केली, खाली ये. तो हळूहळू, एकेक पाय टेकत उतरला. त्याचा पाय जमिनीला लागेपर्यंत मी दोराचं टोक सोडलं नाही.

"काय झालं?" तो म्हणाला. "हाक मारायची ना."

तेवढ्यात दीर बाहेर आले. "कोण म्हणालं उतरायला?" मग जाऊबाईंच्या हातात कुऱ्हाड दिसली आणि ते अजून लाल झाले. "ती खाली ठेव!"

जाऊबाईंनी खाली ठेवली नाही, त्यांच्याच हातात दिली. "पुन्हा ठोका," त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण अगदी त्यांच्यासमोर उभं राहून, ओठ दिसतील असं. "छातीशी ठोका."

सगळे पेशंट, डॉक्टरीणबाई, इस्त्रीवाला, सगळे बघत होते. दिरांनी चष्मा खिशात ठेवला, ठोकलं, कान लावला, डोळे मिटले. तो ढब आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"भरीव!" दीर म्हणाले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

फाटकाचा एक खांब पाडून पाळण्याची गाडी आत घ्यावी लागली. डॉक्टरीणबाईंनी त्याला लगेच होकार दिला. दुसऱ्या दिवशी पाळण्यातून कापताना वरचं वजन कमी झाल्यावरही बुंधा छातीच्या उंचीला आपोआप आत दबला. पाळण्यातला माणूस तिथूनच ओरडला, "यावर कोण चढलं होतं हो?" 

'भ' काढलेल्या तुकड्याच्या वरचा, छातीच्या उंचीचा ओंडका अंगणात आला. जाऊबाईंनी तो मशीनवर चढवला आणि थांबल्या. दीर आपणहून शेडमध्ये आले होते. सहा वर्षांत पहिल्यांदा. दांडा ओढला, दट्ट्या आला, आणि ओंडका करकरलासुद्धा नाही. पुठ्ठ्यासारखा फाटला. भुगा दिरांच्या चपलांवर सांडला. त्यांनी वाकून आत हात घातला, कोपरापर्यंत गेला.

"आवाज भरीव होता," ते म्हणाले. मग हात बाहेर काढून म्हणाले, "तू बोलली होतीस का मला काही?"

जाऊबाईंनी तीन बोटं दाखवली.

मी वर्षभर शिव्या साठवून ठेवल्या होत्या. चांगल्या, घासूनपुसून ठेवलेल्या. त्यातली एकही तोंडातून बाहेर आली नाही. भुग्याने माखलेला हात तसाच धरून उभा असलेला तो माणूस बघून मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला. दीर भिंतीशी गेले, खिळ्यावरची दुसरी जोडी काढली, सदऱ्याला पुसली आणि दाराशी उभ्या माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने बसवली. "उद्यापासून," एवढंच म्हणाले. नवरा नेहमीसारखा हसला. त्याला ते ऐकू आलं नसणार, झाकणं घातली होती. पण समजलं.

कुणाला वाटेल, यानंतर कानसेन निवृत्त झाले असतील. छे! पाटी तशीच आहे. चक्कर, चष्मा, तीन ठोके, मिटलेले डोळे, खोकणाऱ्याला वर केलेला हात, सगळं जसंच्या तसं. फरक एवढाच की आता जाऊबाई दोन पावलं मागे उभ्या असतात, नारिंगी झाकणं गळ्यात अडकवून. त्या एक बोट वर करतात नाहीतर दोन. दीर डोळे किलकिले करून बोटं मोजतात आणि गरजतात, "पोकळ!" तेव्हापासून निकाल एकदाही चुकलेला नाही. लोक म्हणतात, या वयातही काय कान आहे! ऐकणारी एक आणि नाव दुसऱ्याचं, ही पद्धत आमच्याकडे नवी नाही, त्यामुळे कुणाला खटकत नाही. जाऊबाईंनाही नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "ओरडायचं काम त्यांना करू दे. त्यांचा घसा चांगला आहे."

नवऱ्याला मी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा कान जवळजवळ गेलेला, उजवा बरा, झाकणं वापरली तर टिकेल असं म्हणाले. किती वर्षांपासून, मी विचारलं. पाच-सहा तरी, म्हणाले. आमच्या लग्नाला चार झाली.

म्हणजे चार वर्षं मी त्याच्या डावीकडे बसून जे बोलले, ते सगळं हवेत गेलं. तो शांत स्वभाव, ते समजूतदार हसणं, ज्यावर माझ्या मैत्रिणी जळत होत्या. शाळेमागच्या झाडाचं मी रडून रडून सांगितलं, तेव्हा त्याला फक्त माझं तोंड हलताना दिसलं असेल, आणि त्याने भाजीचं कौतुक केलं.

आता मी जागा बदलली आहे. उजवीकडे बसते. लग्नाच्या पहिल्या दिवसापासूनचं सगळं पुन्हा सांगायला घेतलंय, काही न गाळता. अजून पहिलं वर्षही संपलेलं नाही, आणि तो आता हसत नाही.